रीस्टार्टबाईची सही

पहाटे पावणेपाचला तिचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावायची गरज नव्हती. ती भावाकडे राहायची, पॅसेजमध्ये कॉट टाकून झोपायची, आणि पाण्याच्या पंपाचं बटण नेमकं त्याच भिंतीवर होतं. वहिनी यायची, दिवा लावायची, बटण दाबायची, "झोप गं तू" म्हणायची आणि दिवा तसाच ठेवून जायची. मग भाऊ न्हाणीघरात. मग भाचा. सगळ्यांची वाट तिच्या पायांवरून. पॅसेज साडेपाच फूट रुंद, त्यातले अडीच फूट कॉटचे. तिला कपडे बदलायचे असले तर न्हाणीघर रिकामं व्हायची वाट बघावी लागे.

तिला एक खोली हवी होती. बाकी काही नाही. तिने ती बघूनही ठेवली होती. दुसरा मजला, एक खिडकी, ओटा, आतून कडी लागणारं दार. बँकेतला माणूस म्हणाला, कर्ज मिळेल, पण नोकरी कायम असल्याचं पत्र आणा. सुरुवातीला भरायची रक्कम तिने पगारातून बाजूला टाकून जमवली होती. अडलं होतं ते पत्रापाशी.

आमच्या कारखान्यात ती कंत्राटी होती. सहा वर्षं. दर अकरा महिन्यांनी कंत्राट संपायचं, एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नवं कार्ड देऊन आत घ्यायचे. त्या एका दिवशीही तिला फोन जायचे. "बाई, प्रिंटर कागद गिळतोय." ती फोनवर सांगायची. त्याचे पैसे नाहीत.

काम कॉम्प्युटरचं. पूर्ण कारखान्यात तीसेक मशीन, त्यांची दुरुस्ती हिच्याकडे. तिला बसायला ऑफिसात जागा नव्हती म्हणून आमच्या देखभाल खात्यात, ग्राइंडर आणि हत्यारांच्या कपाटाच्या मध्ये, एक टेबल दिलं होतं. मी फिटर. माझं टेबल समोर. तिची सगळी हकिगत मला माहीत आहे ती त्यामुळे.

पोरं तिला रीस्टार्टबाई म्हणायची. कुणी तक्रार घेऊन आलं की तिच्या आधी पोरंच ओरडायची, "बंद करून चालू केलंत का?" वास्तविक ती हे कधीच विचारायची नाही. तिला त्याचा रागच होता. म्हणायची, "काका, बंद करून चालू केलं की दुखणं जात नाही, लपतं. मग पुढच्या आठवड्यात परत येतं, आणि तेव्हा मी जेवत असते."

तिची कामाची पद्धत मला पटायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की बघायचं. नाही चाललं तर पहिल्यासारखी करून ठेवायची आणि वहीत लिहायचं. आमच्यातले निम्मे फिटर एकदम चार नट फिरवतात. मशीन चालू होतं, पण कशानं झालं ते त्यांना सांगता येत नाही. मी एकतीस वर्षं अशांच्या मागून दुरुस्त्या केल्या आहेत.

मी तिला एकच गोष्ट शिकवली, लाल चिठ्ठी. आमच्याकडे मशीन उघडलं की त्याच्या स्विचला लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी तारेनं बांधतात. त्यावर आपली खूण, वेळ आणि काय चाललंय ते. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. तो जेवायला गेला असेल तर थांबायचं, घरी गेला असेल तर त्याला घरून बोलवायचं. साहेब असो की मालक, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. का, तर आमच्याआधी एकाचा हात प्रेसखाली असताना दुसऱ्यानं स्विच ओढला होता.

पहिल्याच वर्षी ती एका मशीनवर काम करत असताना कुणीतरी पंखा लावायला तिची वायर उपसली. तिचं दिवसभराचं काम गेलं. तिचे डोळे भरलेले दिसले. मी कपाटातून दहा लाल चिठ्ठ्या काढून तिच्या टेबलावर ठेवल्या. त्या दिवसापासून ती कॉम्प्युटरलाही चिठ्ठी बांधायला लागली. पोरं हसली. "काय गं बाई, माऊस चावतो का?" ती म्हणायची, "चावत नाही, मरतो." पण बांधायची, आणि पुढे पुढे पोरं ती मानायलाही लागली.

तो मंगळवार होता. कायम करण्याच्या मुलाखती पुढच्या महिन्यात होत्या, यादीत तिचं नाव होतं.

सकाळी सव्वाआठला तपासणी खोलीतून मायक्रॉन धावत आला. मायक्रॉन म्हणजे आमचा तपासनीस. केसाच्या दहाव्या भागावरून माल परत पाठवायचा, म्हणून हे नाव. तयार झालेल्या प्रत्येक शाफ्टची सहा मापं घ्यायची आणि कॉम्प्युटरवर ब्राउजर उघडून त्यातल्या पानावर भरायची, हे त्याचं काम. ती मापं मुख्य ऑफिसात पोचली की माल सुटायचा. तोवर गेटबाहेर एक खिळा जात नसे.

"बाई, मेलं ते! उघडतंय आणि मरतंय, उघडतंय आणि मरतंय."

"काय दिसतं?"

"पांढरी खिडकी येते. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत गायब."

"काल चाललं होतं?"

"काल रात्रीच्या पाळीपर्यंत. आज सकाळी कोपऱ्यात लिहून आलं, नवीन आवृत्ती बसली म्हणून. अभिनंदन केल्यासारखं."

ती लगेच उठली नाही. आधी विचारलं, "मापं गेली का सगळी?"

मायक्रॉननं नाही म्हणून मान हलवली. मुख्य ऑफिसची लाइन शनिवार दुपारपासून मेलेली होती. ते पान असं बनवलेलं होतं की लाइन नसली तर मापं मशीनमध्येच, ब्राउजरच्या पोटात साठवून ठेवायची आणि लाइन आली की पाठवून द्यायची. लाइन मंगळवारी पहाटे आली. पण मापं पाठवायला ब्राउजर उघडा लागतो. तो बंद होता. लाइन आल्याबरोबर नवी आवृत्ती तेवढी आत येऊन बसली.

"किती शाफ्ट?"

"चारशे बारा."

ते चारशे बारा शाफ्ट ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, लाकडी खोक्यांत खिळे ठोकून बंद झाले होते. गिऱ्हाइकाचा ट्रक गेटवर उभा होता.

ती तपासणी खोलीत गेली. पंखा नीट करायचा होता म्हणून मीही मागोमाग गेलो, त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. तिने ब्राउजर एकदा उघडला. मेला. मागे काही अडकून चालू राहिलंय का ते यादीत बघितलं, एक राहिलं होतं, ते बंद केलं. परत उघडला. मेला. वहीत लिहिलं. मग जोडलेली उपकरणं, मधली छोटी छोटी ॲड-ऑन, सगळी बाजूला ठेवून सुरक्षित पद्धतीनं उघडून बघितला. तरीही मेला. तेही लिहिलं.

"आता काय?" मायक्रॉननं विचारलं.

"आता दोनच गोष्टी राहिल्या. एक तर साठवलेल्या माहितीत बिघाड असेल, नाहीतर पडद्याशी भांडण असेल. हे मशीन जुनं आहे, त्याचं चित्र काढायचं कार्ड जुनं आहे, आणि ब्राउजर नवा."

"मग काढून टाक आणि परत बसव ना. माझा मेव्हणा तसंच करतो."

"तुमच्या मेव्हण्याच्या मशीनमध्ये चारशे बारा शाफ्ट नसतात." तिने बाहेरची डिस्क जोडली. "आधी याच्या पोटातलं सगळं जसंच्या तसं बाहेर काढते. मग हात लावीन. चाळीस मिनिटं लागतील, डिस्क म्हातारी आहे. तोवर वजनकाट्यावरचं मशीन बघते. तिथेही सकाळपासून हीच रड आहे, आणि त्यात साठवलेलं काही नाही. चुकायचं तर तिथे चुकू."

तिने मशीनच्या बटणाला लाल चिठ्ठी बांधली. लिहिलं: ‘माहितीची नक्कल चालू आहे. हात लावू नये. ८:४०.’ खाली खूण. आणि गेली. मायक्रॉनला तिने मोजमापाची हत्यारं घेऊन दुसऱ्या शेडमध्ये पाठवलं, कारण तो सारखा पडद्याकडे वाकत होता.

वजनकाट्यावर तिने वीस मिनिटांत रोग धरला. नवी आवृत्ती उघडताना चित्रं काढायचं काम त्या जुन्या कार्डावर टाकत होती, आणि कार्डाला ते झेपत नव्हतं. ते काम कार्डाकडे देऊ नकोस, असं सांगून ब्राउजर उघडायची सोय असते. एक ओळ लिहायची. ती लिहिली. ब्राउजर उघडला. तिने तो तीनदा बंद करून तीनदा उघडला. तीनदाही उभा राहिला. काटेवाला म्हणाला, "बाई, तुझ्या हाताला गुण आहे." ती म्हणाली, "हाताला नाही, वहीला."

इकडे नऊला पाच कमी असताना धाकटे साहेब तपासणी खोलीत आले. उत्पादनाचे साहेब. ट्रकवाला त्यांच्या डोक्यावर बसला होता. मी शिडीवर होतो.

"कोण बघतंय हे?"

"बाई बघतायत साहेब. नक्कल चाललीय. चिठ्ठी आहे."

"नक्कल कसली? मशीन किती हळू चाललंय बघा." त्यांनी चिठ्ठी वाचली. माझ्यासमोर वाचली. मग तार सोडून ती टेबलावर टाकली.

"साहेब, चिठ्ठी बाई सोडतील."

"अहो, लाल चिठ्ठी हात तुटतो तिथे बांधायची. इथे कुणाचं बोट तुटणार आहे?"

सगळ्या मशीनचे पासवर्ड त्यांच्याकडे होते, त्यांनी मागून घेतले होते. त्यांनी चालू असलेली नक्कल थांबवली. ब्राउजर काढून टाकायला घेतला. मशीननं विचारलं, जुनी माहितीही पुसायची का. मी शिडीवरून ते वाचलं. साहेबांनी चौकोनात खूण केली. म्हणाले, "पुसायचं तर मुळापासून." शिडीवरून उतरायला सात पायऱ्या होत्या. मी चौथीवर होतो तेव्हा त्यांनी दाबलं.

नवा ब्राउजर बसला. त्यांनी उघडला. पांढरी खिडकी आली आणि तीन म्हणायच्या आत गेली.

"हे मशीनच भंगार आहे," साहेब म्हणाले.

ती नऊ वाजून दहा मिनिटांनी आली. चेहऱ्यावर हसू होतं. तसं हसू मी तिच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिलं. टेबलावरची चिठ्ठी दिसली आणि ते गेलं. ती खुर्चीत बसली, ती एक ओळ लिहिली, ब्राउजर उघडला. या खेपेला तो उभा राहिला. मापांचं पान आलं. सगळ्यात वर लिहिलेलं होतं: पाठवायच्या नोंदी, शून्य.

"झालं की चालू!" साहेब म्हणाले. "मघापासून काय करत होता मॅडम?"

तिने ते शून्य बोटानं दाखवलं.

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा आवाज बदलला. "पण नक्कल घेतली होती ना तुम्ही?"

"घेत होते. अर्धीही झाली नव्हती. मापांची फाइल दुसऱ्या अर्ध्यात होती."

दुपारपर्यंत ती पुसलेलं परत मिळतं का बघत बसली. त्याचे कार्यक्रम असतात, ते चालवले. पण पुसलेल्या जागेवरच नवा ब्राउजर लिहिला गेला होता. काही तुकडे मिळाले. एकाही शाफ्टची सहाच्या सहा मापं नाहीत.

मग जे करायचं ते केलं. चौतीस खोकी फोडली. प्रत्येक शाफ्टचा कागद काढायचा, रॉकेलच्या फडक्यानं ग्रीस पुसायचं, कोरड्या फडक्यानं परत पुसायचं, मायक्रॉनसमोर ठेवायचा, सहा मापं, परत ग्रीस, परत कागद, परत खोकं, परत खिळे. एका शाफ्टला एका माणसाची सतरा मिनिटं. आम्ही नऊ जण लागलो, ती दहावी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दीड दिवस फडकं घेऊन उभी होती. तिच्या हाताला रॉकेलची सवय नव्हती, बोटांची सालं निघाली. धाकटे साहेब दोनदा येऊन किती झाले ते विचारून गेले.

मुख्य ऑफिसनं लेखी विचारलं: नोंदी कुणी पुसल्या?

मोठ्या साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरांनी, तिला बोलावलं. हे तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. समोर टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं, दुरुस्ती करताना माझ्या हातून अनवधानानं नोंदी पुसल्या गेल्या.

"साहेब, हे खरं नाही. चिठ्ठी बांधलेली होती."

"मला माहीत आहे, बाई. मला सगळं माहीत आहे. पण बघ, तू कंत्राटी. तुझ्यावर काय कारवाई होणार? ताकीदसुद्धा देता येत नाही. त्याचं प्रमोशन अडकेल, दोन मुलं आहेत. तू सही कर. पुढच्या महिन्यात मुलाखतीला मीच आहे. तुला कायम करायचं माझ्याकडे लागलं."

"ते तेवढं लिहून द्याल का?"

मोठे साहेब हसले. "तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

तिने एक दिवस मागितला. माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "काका, काय करू?"

मी पाहिलं होतं ते मी आधीच जाऊन सांगितलं होतं. ऑफिसातल्या बाबूनं ऐकून घेतलं, लिहून घेतलं नाही. म्हणाला, हा तांत्रिक विषय आहे, तुम्ही पंखा लावत होता. तेव्हा मला वाटलं, खरं बोलून काही होत नाही, निदान तिची खोली तरी होऊ दे. मी म्हटलं, "कर सही. एका कागदाचं काय एवढं. पत्र हातात पडू दे, मग बघू."

तिने केली. वाचून केली.

मुलाखतीला तिघं होते. मोठे साहेब आणि मुख्य ऑफिसातले दोघं. तिची वही तिने सोबत नेली होती, सहा वर्षांच्या दुरुस्त्या, तारीखवार. कुणी उघडली नाही. मुख्य ऑफिसातल्या बाईंनी फाइलमधून तो कागद काढला.

"हे तुमचंच ना?"

"मजकूर माझा नाही. सही माझी आहे."

"म्हणजे न वाचता सही केलीत?"

"वाचून केली."

"मग मजकूर कुणाचा का असेना. तीन दिवसांच्या नोंदी तुमच्या हातून गेल्या, असं तुम्हीच म्हणताय. उद्या पगाराच्या नोंदी गेल्या तर?"

तिने मोठ्या साहेबांकडे पाहिलं. ते पाण्याच्या ग्लासावरचं झाकण नीट बसवत होते. नंतर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मी प्रयत्न केला गं. कागद आडवा आला."

तिचं कंत्राट मात्र वाढवलं. तेवढं त्यांनी केलं. आणखी दोनदा अकरा-अकरा महिने. धाकटे साहेब बढतीवर दुसऱ्या कारखान्यात गेले, जाताना त्यांनी कँटीनमध्ये चहा दिला, तिलाही बोलावलं, ती गेली नाही. ब्राउजरच्या त्या ओळीचा कागद तिने सगळ्या जुन्या मशीनवर चिकटवून ठेवला होता. मुख्य ऑफिसनं तोच उतरवून सगळ्या कारखान्यांना पाठवला, खाली धाकट्या साहेबांचं नाव घालून. मग कॉम्प्युटरचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं आणि तिचं टेबल रिकामं झालं. मीही त्याच वर्षी निवृत्त झालो. ती आता झेरॉक्सच्या दुकानात बसते. लोकांचे फॉर्म भरून देते.

खोली दुसऱ्या कुणीतरी घेतली. पत्र नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून जमवलेली रक्कम नुसती बँकेत होती. भावानं त्या सुमारास घरावर वरचा मजला चढवायला घेतला होता, भाड्यानं द्यायला. भिंती झाल्या, छत झालं, आणि पैसे संपले. एका रविवारी तो तिच्या कॉटवर येऊन बसला.

"तुझे नुसते पडूनच आहेत ना? नाहीतरी तू इथेच आहेस."

वहिनी म्हणाली, "तिला काय विचारायचं? घर काय परक्याचं आहे?"

तिने दिले. मी विचारलं, लिहून घेतलंस का. ती म्हणाली, "काका, आता तुम्ही नका सांगू."

मी जाऊन पाहून आलो. काम चांगलं झालंय. वर दोन खोल्या आहेत, दोन्हींना स्वतंत्र दार, आतून कडी. एकीत नवराबायको राहतात, एकीत कुणी एकटा माणूस. वर जायला दुसरीकडून वाट निघत नव्हती म्हणून जिना पॅसेजमधून काढला. तिची कॉट जिन्याखाली सरकवली. डोक्याकडच्या बाजूला उंची साडेतीन फूट राहते, उठताना मान वाकवून उठावं लागतं. भिंती आणि छत भावाच्या पैशातून झालं. तिच्या आठ वर्षांच्या पगारातून जिना झाला. सतरा पायऱ्या. मी सुतळी लावून मोजल्या, सगळ्या सारख्या उंचीच्या आहेत.